विल्सन युद्धात गेला की ओढला गेला?

बखरनवीस | शुक्र, रात्री १०:४२

मंडळी, वुड्रो विल्सन म्हटलं की आपल्याला आठवतात चौदा कलमं, राष्ट्रसंघ आणि दहावीत पाठ केलेली पाच मार्कांची टीप. मला त्याआधीची चार वर्षं जास्त खेचून घेतात. ४ मार्च १९१३ ला अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतलेला माणूस २ एप्रिल १९१७ ला काँग्रेससमोर उभा राहून जर्मनीविरुद्ध युद्ध मागतो. मधल्या काळात नक्की काय घडलं, हे गेले दोन महिने रात्री जेवणं उरकली की वाचत बसतोय. घरचे वैतागलेत, म्हणून इथे आलो.

आधी थोडी कुंडली. जन्म १८५६, व्हर्जिनिया. बाप प्रेस्बिटेरियन पाद्री, बालपण यादवी युद्धाच्या दक्षिणेत. प्रिन्स्टनचा कुलगुरू, मग न्यू जर्सीचा गव्हर्नर आणि सक्रिय राजकारणात येऊन जेमतेम दोन वर्षं होताहेत तोच अध्यक्ष. बाल्टिमोरच्या अधिवेशनात ४६व्या फेरीत उमेदवारी मिळाली. पुढे तेव्हाचा अध्यक्ष टाफ्ट आणि माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट एकमेकांना भिडले, रिपब्लिकन मतं फाटली आणि याला ४२ टक्क्यांच्या आसपास मतं मिळून ५३१ पैकी ४३५ इलेक्टोरल मतं पडली. समाजवादी डेब्सनेही ९ लाख मतं खाल्ली. म्हणजे सुधारणा हव्यात यावर मतदारांचं एकमत होतं, फक्त वैदू कोण यावर भांडण होतं.

आल्या आल्या त्याने जेफरसनपासूनची रीत मोडली. अध्यक्ष काँग्रेसला लेखी संदेश पाठवत, हा स्वतः जाऊन बोलला. विषय जकात. ४० टक्क्यांच्या घरातली सरासरी जकात २७ वर आली. साखर आणि लोकरवाल्यांचे दलाल वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडून बसले होते. याने वर्तमानपत्रांत जाहीर निवेदन देऊन त्यांना उघडं पाडलं. मग सिनेटची चौकशी लागली आणि एकेका सिनेटरला आपापले शेअर आणि जमिनी सांगाव्या लागल्या. (हे वाचताना मी एकटाच मोठ्याने हसलो.) जकातीची तूट भरायला प्राप्तिकर आला, ३००० डॉलरच्या वर एक टक्का. डिसेंबर १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्ह, म्हणजे मध्यवर्ती बँक. १९१४ मध्ये मक्तेदारीविरोधी क्लेटन कायदा आणि फेडरल ट्रेड कमिशन. दीड-पावणेदोन वर्षांत इतकं.

मग ऑगस्ट १९१४. पहिल्या महायुद्धाने युरोप पेटलं आणि त्याच आठवड्यात, ६ तारखेला, याची बायको एलन वारली. १९ तारखेला देशाला आवाहन केलं की कृतीतच नव्हे, विचारातसुद्धा निःपक्ष राहा.

माझा मुद्दा आता. लोक म्हणतात लुसिटानिया (जर्मन पाणबुडीने बुडवलेली ब्रिटिश प्रवासी बोट), लोक म्हणतात झिमरमनची तार (जर्मनीने मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध हात मिळवायला पाठवलेली). मला वाटतं गाठ बसली फेब्रुवारी १९१५ मध्येच. जर्मनीने ब्रिटिश बेटांभोवतीचा समुद्र युद्धक्षेत्र जाहीर केला आणि विल्सनने खलिता धाडला: अमेरिकन जहाज किंवा अमेरिकन माणसाला इजा झाली तर तुम्हाला काटेकोरपणे जबाबदार धरू. ब्रिटननेही उत्तर समुद्रात सुरुंग पेरले होते, अमेरिकन माल अडवला होता. त्याला काय मिळालं? निषेधाची पत्रं आणि ‘भरपाईचं नंतर बघू’. मालाचा हिशेब नंतर होऊ शकतो, माणसांचा नाही, हा तर्क चुकीचा नाही. पण या एका वाक्याने युद्धात जायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याने कुठल्यातरी पाणबुडीच्या कप्तानाच्या हाती दिला.

आणि हा स्वभाव सुधारकाचाच. जकात असो की बँका, तो दरवेळी प्रश्न ‘हक्का’वर आणून ठेवायचा, लोकांना थेट साद घालायचा आणि एकदा तत्त्व बोलून बसला की मागे फिरायचा नाही. काँग्रेसमध्ये हे जमलं. समुद्रावर तेच अंगाशी आलं. म्हणून माझ्या मते सुधारक विल्सन आणि युद्धवाला विल्सन असे दोन नव्हतेच.

खोडून काढा.

---

पॉपकॉर्न_मोठा | शुक्र, रात्री ११:०५

खुर्ची धरली आहे. चालू द्या.

---

आकडेमोड | शनि, सकाळी ७:१५

बखरनवीस साहेब, लेख झकास, पण स्वभाव वगैरे राहू द्या. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्ज खात्यात. खातेवही बघा.

ऑगस्ट १९१४ मध्ये परराष्ट्रमंत्री ब्रायन म्हणतात, युद्ध करणाऱ्यांना कर्ज देणं तटस्थतेच्या खऱ्या भावनेशी विसंगत आहे. बरोबर माणूस. १९१५ च्या सुरुवातीला मॉर्गन बँक ब्रिटनची खरेदी-दलाल होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचं कर्जरोखे प्रकरण होतं. तोवर ब्रायनसाहेब घरी गेलेले. एप्रिल १९१७ पर्यंत दोस्तांना, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूला, गेलेलं कर्ज सुमारे २३० कोटी डॉलर, जर्मनीला २ कोटी ७० लाखांच्या आसपास. याला तटस्थता म्हणायचं?

मोठ्या थकबाकीदाराच्या मुलीच्या लग्नाला मॅनेजर स्वतः आहेर घेऊन जातो. का जातो ते आम्हाला विचारा. १९१४ मध्ये अमेरिकेत मंदी होती, गिरण्या थंड होत्या. दोस्तांच्या मागणीने धुराडी पेटली. ती विझवायची कुठल्या अध्यक्षाची छाती होती? १९३० च्या दशकात सिनेटर नाय यांच्या समितीने हेच खोदून काढलं आणि त्यानंतर काँग्रेसने तटस्थतेचे कायदे करून युद्ध करणाऱ्यांना कर्ज आणि शस्त्रं बंद केली. उगाच नाही.

---

उलटतपासणी | शनि, सकाळी ११:३०

@आकडेमोड, तुमचे आकडे मान्य, निष्कर्ष नामंजूर. एक कागद तुम्ही पुराव्यात आणलाच नाही.

नोव्हेंबर १९१६ च्या अखेरीस फेडरल रिझर्व्ह बोर्डाने अमेरिकन बँकांना जाहीर इशारा दिला: परदेशी सरकारांच्या विनातारण अल्पमुदतीच्या हुंड्यांत पैसे अडकवू नका. रोख कोणाकडे होता ते उघड होतं. मॉर्गन बँक तेव्हा ब्रिटिश ट्रेझरी बिलं विकायच्या बेतात होती, ती मागे घ्यावी लागली. ब्रिटनजवळचे डॉलर संपत आले होते. आणि हा इशारा विल्सनला दाखवून, त्याने तो आणखी कडक करायला लावून निघाला होता. कर्ज वाचवायला युद्धात जाणारा माणूस युद्धाच्या चार महिने आधी आपल्याच कर्जदाराचा नळ बंद करेल?

शिवाय बखरनवीसांनी जर्मनीला प्यादं करून ठेवलंय. ९ जानेवारी १९१७ ला प्लेस या गावी, जर्मन मुख्यालयातल्या बैठकीत निर्बंधमुक्त पाणबुडी युद्धाचा निर्णय झाला. नौदलप्रमुख होल्ट्झेनडॉर्फचं गणित असं की महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवली तर पाच महिन्यांत इंग्लंड तहाला येतं. अमेरिका युद्धात उतरली तरी तिचं सैन्य पोचेपर्यंत खेळ खलास. म्हणजे अमेरिका येणार हे गृहीत धरून उचललेलं पाऊल होतं. १ फेब्रुवारीपासून पाणबुड्या मोकाट सुटल्या. आणि त्याच्या दहा दिवस आधी, २२ जानेवारीला, विल्सन सिनेटमध्ये विजयाविना शांतता मागत होता! ओढला गेला, आणि ओढणारा बर्लिनमध्ये होता.

---

शेवंतीताई | शनि, दुपारी ३:५०

तुमची वादावादी चालू द्या, मी १९१६ साल घेऊन येते. शाळेत इतिहास शिकवताना हे साल नेहमी घाईत संपायचे आणि मला त्याची रुखरुख असे.

सुधारणांचा दुसरा हंगाम याच वर्षी आला. ब्रँडाइस सर्वोच्च न्यायालयावर, तिथले पहिले ज्यू न्यायाधीश, सिनेटमध्ये ४७ विरुद्ध २२ मतांनी. शेतकऱ्यांना दीर्घ मुदतीचे कर्ज देणारा कायदा जुलैत. सप्टेंबरात बालमजुरीविरोधी कीटिंग-ओवेन कायदा, आणि रेल्वे कामगारांना आठ तासांचा दिवस देणारा अ‍ॅडमसन कायदा. यांतला बालमजुरीचा कायदा १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. दरवेळी तो निकाल सांगताना वर्गातली एखादी मुलगी विचारायची, “मग त्या मुलांचं काय झालं?” उत्तर एकच होते: पुन्हा गिरणीत.

या सुधारणा निवडणुकीसाठी होत्या का? होत्याच की. रूझवेल्टची मते ओढायची होती. पण प्रचारात गाजले ते दुसरेच वाक्य, ‘याने आपल्याला युद्धापासून दूर ठेवले’. ती घोषणा पक्षाची. विल्सन स्वतः त्या वाक्याने अस्वस्थ होता. कोणीही क्षुल्लक जर्मन लेफ्टनंट आपल्याला केव्हाही युद्धात ढकलू शकतो, असे तो आपल्या नौदलमंत्र्याजवळ बोलला होता. बखरनवीस, तुमचा पाणबुडीचा कप्तान विल्सनलाही दिसत होता, एवढेच सांगायचे आहे.

निकाल २७७ विरुद्ध २५४. कॅलिफोर्निया चार हजारांहून कमी मतांनी हाती आला, तोही दोन दिवस मोजणी चालून. तो गेला असता तर रिपब्लिकन उमेदवार ह्यूज अध्यक्ष.

---

भीमथडी | शनि, रात्री ९:२०

सगळे वाचले. सुधारणा, हक्क, तत्त्व. कोणाच्या?

विल्सनच्याच मंत्र्यांनी, टपालखात्याच्या बर्लसनने आणि अर्थखात्याच्या मॅकअडूने, केंद्रीय कचेऱ्यांत गोऱ्या-काळ्यांच्या जागा वेगळ्या केल्या. वेगळी टेबलं, मध्ये पडदे, वेगळी संडासं. १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जाला फोटो लावणं सक्तीचं झालं. फोटो कशासाठी हवा, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे आडनाव पुरतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये विल्यम मन्रो ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन भेटले, तेव्हा विल्सनने ऐकवलं की हे तुमच्याच भल्याचं आहे. ट्रॉटर अडून बसले तर यांना त्यांच्या बोलण्याचा सूर खटकला.

हे सगळं होत असताना बाबासाहेब तिथेच होते. जुलै १९१३ ते १९१६ च्या मध्यापर्यंत कोलंबिया विद्यापीठात. त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन म्हणजे प्राप्तिकरावरचा तेव्हाचा अमेरिकेतला मोठा अधिकारी माणूस. बखरनवीसांनी वर एका ओळीत उरकलेला तो कर ज्यांनी वर्षानुवर्षं मांडला त्यांतले एक. पुढे बाबासाहेबांच्या ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या ग्रंथाला त्यांचीच प्रस्तावना आहे. दुसरे गुरू तत्त्वज्ञ जॉन ड्युई. १९१७ मध्ये ड्युईंनी युद्धाला पाठिंबा दिला. युद्धामुळे समाजाची नव्याने घडण करता येईल अशी त्यांची आशा होती. त्यांचाच चाहता, लेखक रँडॉल्फ बोर्न त्यांच्यावर तुटून पडला. म्हणजे तुमचा ‘सुधारक की युद्धवाला’ हा वाद कोलंबियाच्या वर्गातच लागला होता. ऑक्टोबर १९१७ मध्ये युद्धविरोधी प्राध्यापकांना काढलं म्हणून इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला तोही तिथूनच.

---

बखरनवीस | शनि, रात्री ११:१०

@भीमथडी, कान पकडतो. पडद्यांचा मुद्दा मूळ लेखात हवाच होता. तो सुटला यात माझ्या वाचनाची दिशा दिसते.

@उलटतपासणी, त्या इशाऱ्याचा कागद मला अडचणीचा आहे. पैशामुळे युद्ध असं मी म्हटलं नव्हतं, पण मनात कुठेतरी होतं. तरी लुसिटानियावर अडतोच. ७ मे १९१५, १८ मिनिटांत जहाज तळाला, ११९८ मृत, त्यांत १२८ अमेरिकन. पोटात ४२ लाख रायफलची काडतुसं. सुटायच्या दिवशीच, १ मे ला, जर्मन वकिलातीची जाहिरात न्यूयॉर्कच्या पेपरांत होती की या जहाजांनी जाल ते स्वतःच्या जोखमीवर. ब्रायन म्हणत होते, निषेध दोघांचाही करा आणि आपल्या लोकांना युद्ध करणाऱ्या देशांच्या जहाजांवर चढू देऊ नका. इतकं साधं होतं! विल्सनने ऐकलं नाही, ब्रायननी जूनमध्ये राजीनामा दिला, जागी लॅन्सिंग आला जो मनाने दोस्तांचाच. पुढच्या वर्षी काँग्रेसमध्ये गोर आणि मॅक्लेमोर यांनी नागरिकांना सशस्त्र जहाजांवरून प्रवास न करण्याचा इशारा देणारे ठराव आणले. तेही विल्सनने जोर लावून बाजूला टाकायला लावले. दार उघडं होतं, दोनदा.

---

उलटतपासणी | रवि, सकाळी ८:४०

काडतुसं असली तरी न सांगता प्रवासी बोट बुडवायचा परवाना मिळत नाही. थांबवा, झडती घ्या, माणसं उतरवा, मग बुडवा, असा तेव्हाचा कायदा होता. पाणबुडीला ते परवडत नव्हतं हा पाणबुडीचा दोष.

आणि तुमचा ‘मागे न फिरणारा’ विल्सन ससेक्स या फ्रेंच प्रवासी बोटीच्या वेळी जिंकला होता हे विसरू नका. मार्च १९१६ मध्ये ससेक्सवर पाणतीर, विल्सनचा निर्वाणीचा खलिता, मे मध्ये न सांगता बोटी न बुडवण्याचं जर्मनीचं आश्वासन. त्यानंतर जवळपास नऊ महिने शांत गेले. त्या काळात त्याचं भांडण होतं ते ब्रिटनशी, अमेरिकन कंपन्यांना काळ्या यादीत टाकलं म्हणून.

---

शेवंतीताई | रवि, सकाळी १०:०५

पण त्या आश्वासनाला जर्मनीने अट जोडली होती ना! अमेरिकेने ब्रिटनलाही नाकेबंदीचे नियम पाळायला लावावेत. विल्सनने आश्वासन घेतले, अट सोडून दिली. आमच्या शेजारणीची भिशी अशीच मोडली.

---

ओहायोकर | रवि, संध्या ६:३०

उशीर झाला, इथे आत्ता सकाळ आहे. युद्धात शिरल्यानंतरचं थोडं लिहितो, कारण मी राहतो त्या राज्यात त्याच्या खुणा आहेत.

सिनसिनाटीत जर्मन वस्ती मोठी. १९१८ मध्ये तिथल्या जर्मन नावांच्या गल्ल्या बदलल्या, ब्रेमेन स्ट्रीटची रिपब्लिक स्ट्रीट झाली. आजही पाटी तीच. कोबीच्या आंबवलेल्या जर्मन लोणच्याला ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणायला लागले. आपल्याकडे नामांतरं होतात, पण लोणच्यापर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही.

हसण्यावारी न्यायचं नाही ते पुढे. जून १९१७ चा हेरगिरी कायदा, मे १९१८ चा राजद्रोहाचा कायदा. १६ जून १९१८ ला कँटनच्या बागेत डेब्सने युद्धाविरुद्ध भाषण केलं आणि दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची निवडणूक त्याने अटलांटाच्या तुरुंगातून लढवली, पुन्हा ९ लाखांवर मतं. विल्सनने माफी दिली नाही. सोडलं ते हार्डिंगने, १९२१ च्या नाताळात. १९१२ च्या प्रचारात दोघेही मक्तेदारीविरुद्ध बोलत होते, एवढंच लक्षात ठेवा.

मात्र करांचं बघा. १९१३ च्या कायद्यात सर्वांत वरच्या थराला ७ टक्के होता, १९१८ मध्ये ७७ झाला. युद्धाने सुधारणा मारल्या म्हणावं तर ही एक सुधारणा युद्धानेच फुगवली.

---

टपालतिकीट | रवि, रात्री १०:१५

तटस्थतेवर इतकं बोललात आणि तटस्थता मोडल्याचा खटला आपल्याच लोकांवर झाला ते कोणीच लिहिलं नाही!

नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८, सॅन फ्रान्सिस्को. गदरवाले (अमेरिकेतले हिंदुस्थानी क्रांतिकारक) आणि जर्मन वकिलातीची माणसं एकत्र आरोपी. गुन्हा काय, तर तटस्थ अमेरिकेच्या भूमीवरून ब्रिटिश हिंदुस्थानावर स्वारीची तयारी केली. १९१५ मध्ये ‘अ‍ॅनी लार्सन’ जहाजावरून जर्मन पैशाने घेतलेल्या बंदुका धाडायचा डाव फसला होता, ते प्रकरण. शेवटच्या दिवशी कोर्टातच गदरचे नेते रामचंद्र यांना गोळी घालून मारलं.

गदरमध्ये मराठी माणसं होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ओरेगॉनमध्ये शेती शिकत होते, पुढे मेक्सिकोत मोठे कृषितज्ज्ञ झाले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून परतले, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेले. मॉर्गन बँक न्यूयॉर्कमध्ये बसून ब्रिटनसाठी काडतुसं घेत होती, ते कायदेशीर. कॅलिफोर्नियातून ब्रिटनविरुद्ध बंदुका धाडल्या, तो गुन्हा. कायद्याच्या पुस्तकात फरक असेल, उलटतपासणी सांगतीलच.

आणि टिळक. जानेवारी १९१९ मध्ये लंडनहून त्यांनी विल्सनला पत्र लिहिलं, हिंदुस्थानला स्वयंनिर्णय हवा म्हणून. चिटणिसाकडून उत्तर आलं की योग्य वेळी योग्य अधिकारी हा विषय हाती घेतील.

---

उलटतपासणी | रवि, रात्री १०:५०

@टपालतिकीट, फरक आहे. खासगी व्यापाऱ्याने माल विकणं तटस्थ देशाला चालतं, त्याच्या भूमीवरून लष्करी मोहीम उभी करणं चालत नाही. कायदा म्हणून मी हेच सांगेन. पिंगळ्यांबद्दल वाचून मात्र गप्प बसलो.

---

भीमथडी | सोम, सकाळी ६:५५

पाणबुड्यांवरून आठवलं म्हणून. १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परत यावं लागलं. ऑगस्टमध्ये ते मुंबईला सुखरूप पोचले. त्यांचं सामान आणि पुस्तकं दुसऱ्या जहाजाने येत होती, ते जर्मन पाणबुडीने बुडवलं. विमा कंपनीकडून ६०० रुपये मिळाले, त्यातून बडोद्याला जायची सोय झाली. बखरनवीस म्हणतात तो कप्तान असा आपल्या घरापर्यंत येऊन गेला.

---

बखरनवीस | सोम, रात्री ९:३०

याला माझ्याकडे काही उत्तर नाही, पण हे माहीत नव्हतं.

संपादकांना विनंती करून मूळ लेखात दोन जागा दुरुस्त करतो: पडद्यांचा परिच्छेद आणि नोव्हेंबर १९१६ चा इशारा. बाकी माझं म्हणणं तसंच. ४ मार्च १९१७ ला जहाजांवर तोफा बसवायचं विधेयक सिनेटर ला फॉलेट आणि नॉरिस यांनी सिनेटमध्ये बोलत राहून मारलं. दोघेही पक्के सुधारणावादी. विल्सनने त्यांना हेकेखोर माणसांचं टोळकं म्हटलं आणि चार दिवसांत सिनेटने चर्चा तोडायचा नियमच केला. एप्रिलमध्ये युद्धाच्या ठरावाविरुद्ध सिनेटमध्ये ६ आणि प्रतिनिधिगृहात ५० मतं पडली, त्यांत काँग्रेसमधली पहिली स्त्री, मोंटानाची जेनेट रँकिन. सुधारणावाल्यांतले सगळे विल्सनच्या वाटेने गेले नाहीत, त्यामुळे स्वभावाचा मुद्दा मी सोडत नाही. पुढचा धागा ला फॉलेटवर काढतो.

---

आकडेमोड | सोम, रात्री ९:५८

तोवर एक शंका. ते ५० कोटींचं कर्ज १९१५ चं, तारण काय घेतलं होतं?

---

उलटतपासणी | सोम, रात्री १०:०४

काही नाही. पाच वर्षं, पाच टक्के, विनातारण.

---

आकडेमोड | सोम, रात्री १०:०६

आमच्या हेड ऑफिसने मॅनेजरला त्याच दिवशी मेमो धाडला असता.